गोचीडताप : ताप उतरला म्हणजे गाय बरी झाली असे नव्हे

सापगावसारख्या शहापूर-मुरबाडच्या गावांत पाऊस लागला, हवा दमट झाली की गोठ्यात गोचीड वाढतात. अशा वेळी संकरित गाईला १०४ ते १०६ अंश ताप भरला, खांद्यापुढची गाठ सुजली, दूध एकदम आटले, तर थायलेरियाची शंका घ्या. ताप असून लघवी लाल किंवा कॉफीसारखी होत असेल तर बहुधा बबेसिया. दोन्ही रोग गोचिडामुळेच होतात, पण औषधे वेगळी. थायलेरियावर बुपारवाक्वोन, बबेसियावर डिमिनाझीन. म्हणून अंदाजाने सुई टोचू नका. आधी पशुवैद्यकाकडून कानाच्या शिरेचे रक्त काचपट्टीवर घेऊन तपासून घ्या. गाय आडवी पडेपर्यंत थांबू नका.

ताप उतरला तरी थोडे जंतू रक्तात उरतात. वेताच्या वेळी किंवा चारा कमी पडून गाय अशक्त झाली की ताप उलटू शकतो. शिवाय तिच्या अंगावरचे गोचीड तेच जंतू दुसऱ्या जनावरात नेतात. तेव्हा गोठ्याच्या भेगा लिंपून घ्या. डॉक्टर सांगतील त्याच मात्रेत सर्व जनावरांवर आणि गोठ्यात एकाच दिवशी फवारणी करा व त्यांच्या सांगण्याप्रमाणे ती पुन्हा करा. गोचीड बोटांनी चिरडू नका. माणसालाही त्यापासून रोग होऊ शकतो.