युद्धकाळातील इंधन आणि ज्वारीवरचा आळ

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले, तेव्हा हिंगोली हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्याचा तालुका होता. त्या काळाविषयीचे काही समज तपासून पाहणे आवश्यक आहे.

लेव्हीची ज्वारी इंधनासाठी भट्टीत गेली, म्हणून टंचाई झाली.
संशय येणे स्वाभाविक आहे. एकीकडे सरकार लेव्ही म्हणून शेतकऱ्याकडून सक्तीने धान्य घेत होते, दुसरीकडे संस्थानात पॉवर अल्कोहोल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचे अल्कोहोल, तयार होत होते. पण ते नांदेडच्या पलीकडे बोधनला तयार होई, उसाच्या मळीपासून. 1937 साली स्थापन झालेल्या निजाम शुगर फॅक्टरीमुळे मळी तिथे हाताशीच होती. मळीत साखर तयार असते. ज्वारीतल्या स्टार्चची आधी साखर करावी लागते, मगच ते आंबते. फुकटात जाणारी मळी सोडून महागडी ज्वारी कोण वापरेल? टंचाईची मुळे वेगळी होती: 1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथला तांदूळ बंद झाला, त्यात महागाई आणि साठेबाजीची भर पडली. लेव्हीचे धान्य माणसांच्या पोटासाठीच गोळा होत होते.

हातभट्टीची दारू पेट्रोलमध्ये मिसळली तरी गाडी चालते.
पहिल्या धारेची दारू निळ्या ज्योतीने पेटते, त्यामुळे हे खरे वाटते. पण पेटणारी दारूही निम्मी पाणीच असू शकते. पेट्रोलमध्ये ओतली की पाणी आणि अल्कोहोलचा थर टाकीच्या तळाशी बसतो आणि इंजिन बंद पडते. साध्या ऊर्ध्वपातनाने शुद्धता सुमारे 95 टक्क्यांवर अडते; पुन्हा कितीही गाळले तरी उरलेले पाणी निघत नाही. मिश्रणासाठी 99 टक्क्यांहून अधिक शुद्धता लागते. त्यासाठी पूर्वी बेंझीन वापरत, आता पाणी शोषणारे खास दाणे वापरतात. हे घरच्या भट्टीचे काम नव्हे.

अमेरिकेने धान्याच्या अल्कोहोलवर रणगाडे चालवले.
धान्यापासून अल्कोहोल तिथे प्रचंड प्रमाणात निघाले, हे खरे. 1942 मध्ये व्हिस्कीच्या डिस्टिलऱ्याही त्यासाठी जुंपल्या गेल्या. पण पेट्रोल अमेरिकेकडे होते, रबर नव्हते. मलायाचे मळे जपानच्या हाती पडले होते. त्यामुळे त्या अल्कोहोलचा मोठा वाटा कृत्रिम रबरासाठी गेला.

इंधनासाठी वापरलेले धान्य पूर्ण वाया जाते.
इंधनात जातो तो स्टार्च. प्रथिने चोथ्यात उरतात आणि मक्याच्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतके पशुखाद्य परत मिळते. मात्र 2018 च्या जैवइंधन धोरणानंतर भारतात मका आणि तांदूळ खरोखरच इथेनॉलकडे वळू लागले आहेत. त्यामुळे धान्य आधी कोणाचे, हा प्रश्न आज विचारणे रास्तच आहे.