निदान झाले, उपचार अजून सुरू व्हायचे आहेत

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडतो त्या दिवशी कॅन्सरचे निदान होते. उपचार मात्र त्या दिवशी सुरू होत नाहीत. मधे काही दिवस, पुष्कळदा काही आठवडे जातात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या अनेक घरांसाठी हा काळ परळच्या वाटेवर जातो. गाठ किंवा तोंडातली न भरणारी जखम आधी घराजवळच्या डॉक्टरांच्या नजरेस येते, तुकडा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा एखाद्या खासगी लॅबमध्ये तपासला जातो आणि मग घरात एकच शब्द उच्चारला जातो: टाटा.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. देशभरातून रुग्ण येतात, त्यामुळे तिथे गर्दी अटळ आहे. तरीही थांबावे लागते ते केवळ रांगेमुळे, असे नाही. बाहेर तपासलेल्या तुकड्याचे ब्लॉक आणि स्लाइड तिथे पुन्हा पाहिले जातात, कारण निदानात थोडा फरक पडला तरी उपचार बदलतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये गाठ कोणत्या हार्मोनला प्रतिसाद देते, तिच्यात हर-२ हे प्रथिन जास्त आहे का, हे कळल्याशिवाय औषध ठरत नाही. आजार कुठवर पसरला हे सीटी, एमआरआय किंवा पेट स्कॅन सांगतो. मग शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी यांचे तज्ज्ञ एकत्र बसून क्रम ठरवतात. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला काहीच घडत नाही असे वाटते, त्या दिवसांत खरे तर ही कामे चालू असतात. रुग्णाला हे कोणीतरी स्वच्छ शब्दांत सांगणे, हा त्याच्या भीतीवरचा पहिला उतारा आहे.

उशीर झाला तर? हा प्रश्न रात्री छळतो आणि त्याला खोटा दिलासा देऊ नये. २०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने सात प्रकारच्या कॅन्सरवरील अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष छापला: शस्त्रक्रियेला चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका आधीच्या तुलनेत ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे महिने वाया घालवणे घातक आहे. योग्य तपासण्यांसाठी गेलेले काही दिवस मात्र वाया गेलेले नसतात. आजाराप्रमाणेही फरक पडतो. तीव्र ल्युकेमियात दिवसांचा हिशेब असतो, तर प्रोस्टेटचे काही कॅन्सर फार संथ वाढतात. 'माझ्या बाबतीत किती थांबणे चालेल?' असे डॉक्टरांना थेट विचारावे, तो रुग्णाचा हक्क आहे. खरा घात होतो तो तारीख लांबची मिळाली म्हणून माणूस रांगच सोडतो तेव्हा. कोणीतरी जडीबुटीवाल्याचा पत्ता देतो, कोणी बायोप्सीची सुई लावल्याने आजार पसरला असे सांगतो आणि तीन महिने निघून जातात. तारीख फारच लांब असेल तर दुसरे कॅन्सर केंद्र गाठावे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज ३०० हून अधिक संस्था आहेत आणि उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वे हा या जाळ्याचा पायाच आहे.

मनाची अवस्था या काळात आजाराइतकीच गांभीर्याने घ्यायला हवी. स्वीडनमधल्या साठ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅन्सर कळल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका इतरांच्या बारापटीहून अधिक आढळला. प्रत्यक्षात अशा घटना थोड्याच असतात. पण निदानाचा धक्का उपचारांच्या आधीच बसतो, हे त्यातून स्पष्ट होते. झोप उडणे, भूक मरणे, छातीत धडधड होणे, चिडचिड हे सारे स्वाभाविक आहे. ते दोन आठवड्यांनंतरही ओसरले नाही किंवा जगणे नको असे बोलणे येऊ लागले, तर मदत घ्यावी. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत असून रात्रंदिवस चालतो, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे. मुंबईतली व्ही केअर ही संस्था १९९४ पासून रुग्णांना आधार देते. कॅन्सरमधून बरे झालेली माणसे तिथे स्वयंसेवक म्हणून बोलतात, आणि त्यांच्या शब्दाला जे वजन असते ते दुसऱ्या कोणाच्या शब्दाला येत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. 'आईला काही सांगू नका' असे मुले डॉक्टरांना बजावतात. हेतू मायेचाच असतो. पण परळच्या त्या इमारतीत शिरताच आईला सगळे कळते आणि मग दोन्ही बाजू एकमेकांसमोर नाटक करत राहतात. तिला किती जाणून घ्यायचे आहे हे तिलाच विचारावे आणि तेवढे खरे सांगावे.

हातात काम असले की काळजी थोडी आवरते, आणि या दिवसांत काम भरपूर असते. तंबाखू, मशेरी, सिगारेट आजच बंद करावी. त्याने शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी होते. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरमध्ये किरणोपचारांपूर्वी दात तपासून घ्यावे लागतात, कारण नंतर दात काढणे जबड्याला धोक्याचे ठरू शकते. साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणावेत, डाळ, अंडी, दूध पोटात जावे, रोज थोडे चालावे. पुढे मूल हवे असेल तर तो विषय केमोपूर्वीच काढावा. सगळे रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये लावावेत, प्रश्न वहीत लिहावेत आणि डॉक्टरांकडे जाताना ऐकायला सोबत कोणीतरी असावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण मंजुरी उपचारांच्या आधी लागते. त्यामुळे शिधापत्रिका आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आताच भेटावे. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांना प्रवास करता येतो. रुग्णालयाचे कागद जवळ असू द्यावेत.

काही लक्षणे दिसली तर मात्र तारखेची वाट पाहू नये. श्वास अडकणे, न थांबणारा रक्तस्राव, पाणीही न गिळता येणे, पायांतली ताकद अचानक जाणे, लघवी अडणे, शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही झाले तर जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात फाइलसह पोहोचावे आणि कॅन्सरचे निदान झाले आहे हे दारातच सांगावे.