सुट्टे नाहीत, चॉकलेट घ्या!

मंडळी, काटेवाडीहून बारामतीला एसटीनं जाताना पाहिलं असेल. सुट्टे नसले की वाहक तिकिटामागं बाकी लिहून देतो. उतरताना मागायची विसरलात, की पैसे गेले! दुकानात तर दोन रुपयांऐवजी चॉकलेटच हातात पडतं. आता कायदा काय म्हणतो? २०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया व त्यावरील नाणी १००० रुपयांपर्यंत वैध चलन आहेत. चॉकलेट चलन नाही. तेच चॉकलेट देऊन बिल भरलंत, तर दुकानदार घेईल का? म्हणून नोट देतानाच 'ही पाचशेची' असं मोठ्यानं सांगा आणि काउंटरवरून हलण्याआधी पैसे मोजा. मोजणं म्हणजे अविश्वास नव्हे, व्यवहार आहे. तरी दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच: १९१५.