चुंबकीय विषमदिक्ता, पातळ धातुपटलांतील : विद्युत् क्षेत्राने नियंत्रण
चुंबकीय पदार्थातील चुंबकन सर्व दिशांना सारख्याच सुलभतेने स्थिरावत नाही. ज्या दिशेत त्याची ऊर्जा किमान असते तिला सुलभ अक्ष आणि ऊर्जा दिशेनुसार बदलण्याच्या या गुणधर्माला चुंबकीय विषमदिक्ता म्हणतात. चुंबकीय तबकडीवरील नोंद टिकून राहते ती या गुणधर्मामुळेच. पदार्थ एकदा तयार झाला की त्याची विषमदिक्ता कायमची ठरली, अशी दीर्घकाळ समजूत होती. अतिशय पातळ धातुपटलांत मात्र ती विद्युत् दाबाने कमीजास्त करता येते. [⟶ चुंबकत्व].

विषमदिक्तेचे मूळ इलेक्ट्रॉनाचे परिवलन (स्वतःभोवती फिरण्यासारखा गुणधर्म) व त्याची कक्षीय गती यांच्यातील परस्परक्रियेत आहे. पृष्ठभागावरील अणूला एकाच बाजूने शेजारी असल्याने तेथील विषमदिक्ता अंतर्भागाहून वेगळी असली पाहिजे, असे फ्रेंच भौतिकीविज्ञ ल्वी नेएल यांनी १९५४ मध्ये दाखविले. पटल काही अणुथरांचेच असेल, तर हा पृष्ठीय परिणाम वरचढ ठरून चुंबकन पटलाच्या प्रतलाला लंब उभे राहू शकते.

धातूच्या आत विद्युत् क्षेत्र शिरत नाही, असे प्राथमिक भौतिकीत शिकविले जाते; ते काटेकोरपणे खरे नाही. मुक्त इलेक्ट्रॉन क्षेत्राला अडवितात, पण त्यासाठी सु. ०.१ नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = १०⁻⁹ मीटर) खोली, म्हणजे जेमतेम एक अणुथर लागतो. जाड पत्र्यात हा थर नगण्य असतो. तीन-चार थरांच्या पटलात तो नगण्य राहत नाही. मॅग्नेशियम ऑक्साइडाच्या निरोधक थरात दर नॅनोमीटरला १ व्होल्ट क्षेत्र असल्यास लगतच्या लोखंडातील दर पृष्ठीय अणूमागे सु. ०.०४ इलेक्ट्रॉनाचा फरक पडतो. आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु निरनिराळ्या कक्षांतील इलेक्ट्रॉनांचे वाटप त्यामुळे बदलते आणि विषमदिक्ता त्या वाटपावरच अवलंबून असते.

२००७ मध्ये व्हायसहाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २ नॅनोमीटर जाडीची पटले विद्युत् विच्छेद्य विद्रावात ठेवून दाब ०.६ व्होल्टने बदलला. तेव्हा चुंबकन नाहीसे करण्यास लागणारे विरुद्ध क्षेत्र लोह-प्लॅटिनमात ४.५ टक्क्यांनी घटले, तर लोह-पॅलॅडियमात १ टक्क्याने वाढले. विद्रावावर चालणारे उपकरण व्यवहारात गैरसोयीचेच. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी मॅग्नेशियम ऑक्साइडाला लागून असलेल्या लोखंडाच्या पटलात, म्हणजे संपूर्ण घन रचनेत, नॅनोमीटरला ०.१ व्होल्टहून कमी क्षेत्राने विषमदिक्तेत सु. ४० टक्के बदल घडविला.

संगणकाच्या चुंबकीय स्मृतीच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. प्रवाहाने चुंबकन उलटविताना बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. येथे केवळ सूक्ष्म धारित्र भारित करावे लागते. अडचण अशी की, दाब सुलभ अक्ष दुबळा करतो, पण त्या अक्षावर वर की खाली हे सांगू शकत नाही. म्हणून पटलाच्या प्रतलात लहानसे चुंबकीय क्षेत्र ठेवून दाबाचा क्षणिक स्पंद देतात. चुंबकन त्या क्षेत्राभोवती भोवऱ्याच्या अक्षासारखे फिरू लागते आणि अर्धा फेरा होताच स्पंद थांबविला, तर ते उलट दिशेत स्थिरावते. स्पंद लांबला तर ते मूळ जागी परत येते. २०१२ मध्ये लोह-कोबाल्टाच्या काही अणुथरांत नॅनोसेकंदाच्या आसपासच्या स्पंदांनी हे साधले.

दुसरी अडचण अधिक बिकट आहे. स्मृतिघटक जितका लहान, तितकी नोंद टिकण्यास विषमदिक्ता जास्त लागते आणि दाबाला तीच नमवावी लागते. केवळ इलेक्ट्रॉनांच्या सरकण्याने मिळणारा परिणाम त्यास सहसा अपुरा पडतो. कोबाल्टालगतच्या गॅडोलिनियम ऑक्साइडातील ऑक्सिजन आयन दाबाने सरकवून कितीतरी मोठा बदल घडविता येतो, हे २०१५ मध्ये अमेरिकेत दाखविण्यात आले. मात्र इलेक्ट्रॉनांच्या मानाने आयनांची हालचाल फार मंद असते.