अ‍ॅमिलॉइड विकार आणि मूषकांतील अस्थिमज्जाजन्य प्रतिकारशक्ती

परभणी जिल्ह्यात दुभत्या जनावरांना होणारा कासदाह, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतील ‘दगडी’, सर्वांच्या परिचयाचा आहे. असा दाह अथवा शरीरातील एखादा गळू दीर्घकाळ राहिल्यास क्वचित गाईच्या मूत्रपिंडांत अ‍ॅमिलॉइड साठते. मूत्रावाटे प्रथिन वाहून जाते, हगवण लागते आणि जनावर खंगत जाते. परभणीस १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्याने हा विषय येथील अभ्यासकांस दूरचा नाही. परंतु गाईत हा विकार उघडकीस येतो तो बहुधा अखेरच्या अवस्थेत. त्याचा आरंभ पाहावयाचा तर मूषकाकडे वळावे लागते.

आयोडिनाने पिष्टाप्रमाणे रंग घेतो म्हणून १८५४ साली फिरखो यांनी या पदार्थास ‘अ‍ॅमिलॉइड’ म्हटले. वस्तुतः ते चुकीच्या रीतीने दुमडलेले तंतुमय प्रथिन होय. काँगो रेडने रंगविलेला छेद ध्रुवीकृत प्रकाशात हिरवा दिसतो, हीच त्याची ओळख.

मूषकास केसीन वारंवार टोचले असता दाह उत्पन्न होतो. भक्षकपेशी इंटरल्युकिन-१ व इंटरल्युकिन-६ ही द्रव्ये सोडतात आणि त्यांच्या प्रेरणेने यकृत ‘सीरम अ‍ॅमिलॉइड ए’ हे प्रथिन कधी कधी हजारपटीपर्यंत अधिक निर्माण करते. ते गिळून पचविण्याचे कामही भक्षकपेशींचेच. हे पचन अपुरे राहिले की उरलेल्या तुकड्यांचे तंतू बनतात. त्यांचा पहिला थर प्लीहेतील लसिकापुंजांच्या कडेस बसतो. आणि रक्तातील जंतू गाळण्याची जागा नेमकी तीच आहे.

अस्थिमज्जेचा संबंध येथे दुहेरी आहे. एक तर भक्षकपेशींचे पूर्वज मज्जेतून येतात. दुसरे, प्रौढ मूषकाची प्लीहा मज्जेप्रमाणेच रक्तपेशी निर्माण करीत असते. मानवी प्रौढाच्या प्लीहेत हे कार्य सामान्यतः नसते. म्हणून मूषकावरील निष्कर्ष मानवास जसाच्या तसा लावणे युक्त नव्हे.

याहून महत्त्वाचा इशारा निराळाच आहे. केवळ दाहानेही मज्जेचा कल बदलतो: कणयुक्त श्वेतपेशी व भक्षकपेशी वाढतात, बी-लसिकापेशींची निर्मिती घटते. तेव्हा आजारी मूषकाची तुलना निरोगी मूषकाशी केल्यास दिसणारा फरक दाहाचा की अ‍ॅमिलॉइडचा, हे कळणार नाही. यासाठी दाह असूनही अ‍ॅमिलॉइड न साठणारे मूषक तुलनेस हवेत. ‘सीई/जे’ ही जात या दृष्टीने मोलाची आहे. तिच्यात सीरमातील हे प्रथिन वाढते, परंतु तंतू सहसा बनत नाहीत. अर्थात जातिभेदाचा स्वतंत्र परिणामही हिशेबात धरावा लागतो.

साठा एकदा झाला की तो फार सावकाश ओसरतो, तोही दाह शमल्यावरच. म्हणून गोठ्यातील उपाय जुनाच राहतो: दगडीवर वेळीच उपचार करणे.