मंत्र नव्हे, सत्तेचा मोह

'हॅरी पॉटर' या जादूगार मुलाच्या गोष्टींचे पहिले पुस्तक 1997 साली आले. 30 डिसेंबर 2001 रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या आलामोगोर्डो गावी एका चर्चने ही पुस्तके जाहीरपणे जाळली. 2019 मध्ये पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरात कॅथलिक धर्मगुरूंनी तेच केले आणि नंतर माफीही मागितली. या रागाचे मूळ बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आहे. शकुन पाहणे, मंत्रतंत्र करणे, मृतांना प्रश्न विचारणे हे सारे परमेश्वराला अमंगळ वाटते, अशी तिथे ताकीद आहे. ती मनावर घेणाऱ्या आईबापांना अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांचा आक्षेप त्यांच्याच ग्रंथाच्या कसोटीवर घासून पाहणे अधिक न्याय्य ठरेल.

ही बंदी आचरणावर आहे, वर्णनावर नाही. जो ग्रंथ मृतांना बोलावण्यास मनाई करतो, तोच शौल राजा वेष बदलून एनदोरच्या स्त्रीकडे गेल्याची आणि तिने मृत शमुवेलाला वर आणल्याची हकीकत तपशिलाने सांगतो. वाचकाने ती वाचू नये, असे तो ग्रंथ म्हणत नाही. पुस्तके जाळणाऱ्यांचा आवडता दाखला प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायातला: इफिस येथे पन्नास हजार रौप्यमुद्रा किमतीची पुस्तके जाळली गेली. पण ती जादूटोणा करणाऱ्यांची स्वतःची, धंद्यातली पुस्तके होती, आणि पश्चात्ताप झाल्यावर त्यांनीच ती आणून जाळली. दुसऱ्याच्या घरातली गोष्टींची पुस्तके जाळायला हा दाखला पुरत नाही.

मग 'नार्निया चालेल, पॉटर नको' ही अनेक इव्हँजेलिकल घरांतली वाटणी कशी टिकते? मला ती टिकत नाही असे वाटते. अँग्लिकन असलेल्या सी. एस. लुईस यांच्या 1952 च्या नार्निया-कथेत लहानगी लूसी एका जादूगाराच्या घरी मंत्रांचे पुस्तक उघडून त्यातला मंत्र म्हणते, आणि तो लागू पडतो. लुईस यांनी तिला त्यासाठी शिक्षा दिलेली नाही. तिची परीक्षा होते ती आपण सर्वांहून सुंदर व्हावे या मोहाच्या पानावर. टॉल्किन निष्ठावान कॅथलिक. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही मुळात धार्मिक आणि कॅथलिक कृती असल्याचे त्यांनी 1953 मध्ये एका मित्राला लिहिले होते. तिथे गॅन्डाल्फ हा जादूगार जादू करतो, तरी सत्ता देणारी अंगठी मात्र स्वीकारत नाही. कारण ती चांगल्या हेतूने वापरणाऱ्यालाही इतरांच्या इच्छेवर स्वार व्हायला लावते. 1943 सालच्या 'द ॲबॉलिशन ऑफ मॅन'मध्ये लुईस यांनी जादू आणि उपयोजित विज्ञान यांना एकाच प्रेरणेची अपत्ये मानले: सृष्टीला माणसाच्या इच्छेपुढे वाकवायची प्रेरणा. ख्रिस्ती वाचकाने शोधायचे ते हेच. कथेत छडी आहे की नाही हे गौण. सत्तेची हाव कथा कशी तोलते, ते महत्त्वाचे.

या काट्यावर पॉटर बऱ्यापैकी उतरतो. मरण टाळण्यासाठी खून करून आत्म्याचे तुकडे करणारा व्होल्डेमॉर्ट एकीकडे, तर 2007 च्या शेवटच्या पुस्तकात प्रतिकार न करता मरणाला सामोरा जाणारा हॅरी दुसरीकडे. त्याच पुस्तकात दोन थडग्यांवर नव्या करारातली वचने कोरलेली आहेत. तरी एक जागा खरोखर अडखळवते. माणसावर वापरल्यास जन्मठेप होईल असे ज्या शापांबद्दल चौथ्या पुस्तकात बजावले, त्यांतले दोन सातव्यात हॅरी स्वतः वापरतो आणि कथा त्याला जाब विचारत नाही. ख्रिस्ती टीकाकाराने बोट ठेवावे ते इथे. पुस्तक न वाचताच पेटवणाऱ्याला ही जागा सापडणार कशी?

पुस्तके जाळणाऱ्यांपेक्षा अधिक गंभीर आक्षेप जोसेफ रात्सिंगर यांचा. पोप होण्यापूर्वी, कार्डिनल असताना, 2003 मध्ये एका जर्मन टीकाकार लेखिकेला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नकळत काम करणाऱ्या सूक्ष्म मोहांबद्दल सावध केले होते: श्रद्धा नीट रुजण्याआधीच ते ती वाकडी करतात. कल्पनाशक्ती माणूस घडवते, हे त्यात गृहीत आहे, आणि ते खरेच आहे. पण ती दोन्ही दिशांनी घडवते. जॉर्ज मॅकडोनाल्ड या धर्मोपदेशकाची 'फँटॅस्टीज' (1858) ही परीलोकाची कादंबरी 1916 मध्ये नास्तिक लुईसच्या हाती पडली. आपल्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा त्या पुस्तकाने केला, असे पुढे ख्रिस्ती झालेल्या लुईस यांनी नमूद केले. व्हॅटिकनलाही सरसकट बंदी मान्य नसावी. तिथल्या 'लॉसेर्वातोरे रोमानो' या दैनिकाने 2009 मध्ये सहाव्या पॉटर-चित्रपटाची प्रशंसा केली.

चेटूक हा जिथे रोजच्या भीतीचा विषय आहे, किंवा जो माणूस नुकताच तंत्रमंत्रातून बाहेर पडला आहे, तिथे गोष्ट वेगळी. मूर्तीला वाहिलेल्या मांसाबद्दल पौलाने करिंथकरांना जे लिहिले तेच इथे लागू: दुर्बल विवेकाच्या भावाला ठेच लागत असेल तर आपण ते खाऊ नये. अशा वाचकाने पुस्तक मिटून ठेवावे, आणि मित्रांनी त्याला हसू नये. पण तो नियम त्याच्यापुरता आहे. तो गावच्या वाचनालयावर लादण्याचा अधिकार पौलाने कुणालाही दिलेला नाही.