तंगीचे दिवस आणि खेड्यातील टपाल



जी कामे नित्य आणि बिनबोभाट होतात, ती करणाऱ्यांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. टपाल वेळेवर आले म्हणजे आपण पत्र पाहतो. ते चुकले म्हणजे मात्र टपालवाला आठवतो. दिवस आर्थिक ओढाताणीचे आले की या टपालवाल्यावर कोणता प्रसंग येतो, आणि त्याचा आपल्या चिकोडी-निपाणीच्या खेड्यापाड्यांशी काय संबंध आहे, याचा आज थोडा विचार करू.

महागाई आणि टपालसेवक यांचे नाते जुने आहे. दुसऱ्या महायुद्धाने धान्य आणि कापड महाग केले, पगार मात्र मागेच राहिले. तेव्हा ११ जुलै १९४६ रोजी देशभरच्या पोस्टमनांनी संप पुकारला. पुढे जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारच्या इतर नोकरांबरोबर टपालसेवकही पाच दिवस संपावर होते. महागाईभत्ता भावमानाशी जोडावा आणि किमान वेतन गरजेवर आधारलेले असावे, या त्या वेळच्या प्रमुख मागण्या होत्या. यांपैकी भत्त्याची सोय कालांतराने झाली. परंतु खेड्यात टपाल वाटणारा मनुष्य पुष्कळदा त्या वेतनश्रेणीतला नोकर नसतोच, आणि प्रश्नाची खरी गाठ तेथेच आहे.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात २३,३४४ टपालकचेऱ्या होत्या. आज त्या दीड लाखांहून अधिक आहेत, आणि त्यांतील दहांपैकी सुमारे नऊ ग्रामीण भागात आहेत. एवढा विस्तार पूर्ण पगारी नोकर नेमून सरकारला परवडला नसता. म्हणून ‘खात्याबाहेरील’ सेवकांची पद्धत चालू राहिली. गावातला एखादा शिक्षक, दुकानदार किंवा शेतकरी फावल्या वेळात टपाल पाही आणि त्याबद्दल त्याला भत्ता मिळे. २००१ पासून या सेवकांना ‘ग्रामीण डाक सेवक’ म्हणतात. त्याआधी १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने, अशा सेवकाची जागा ही सरकारी पदच होय, असा निर्णय दिला होता. तरीही नियमित खातेनोकरांची वेतनश्रेणी आणि निवृत्तिवेतन त्यांना लाभले नाही.

यांचे काम कसे चालते ते पाहा. चिकोडी हे टपालखात्याच्या एका विभागाचे ठाणे आहे. मोठ्या कचेरीतून थैली उपकचेरीत येते, आणि तेथून गावच्या शाखाकचेरीत. शाखेचा पोस्टमास्तर थैली उघडतो, नग मोजतो, शिक्के मारतो, हिशोब लिहितो. त्याचा जोडीदार सायकलीवरून किंवा दुचाकीवरून वाड्यावस्त्यांवर टपाल वाटतो. कचेरीसाठी जागा पोस्टमास्तरानेच द्यावयाची, आणि त्याला उपजीविकेचे दुसरे साधन असले पाहिजे, असा नियमच आहे.

आपल्या भागात यावर आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली लिपीची. एकाच थैलीत मराठी, कन्नड आणि इंग्रजी पत्ते असतात, आणि तीनही वाचता आल्यावाचून काम भागत नाही. पिनकोड येथे मोठा आधार आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी, संस्कृतज्ञ अधिकाऱ्याची. निपाणी ५९१२३७ आणि शेजारचे कागल ४१६२१६. गावे जवळजवळ, पण पहिलाच अंक वेगळा. म्हणून अंक चुकला की पत्र परराज्यात भटकते. दुसरी गोष्ट पावसाची. कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा फुगल्या म्हणजे पूल पाण्याखाली जातात. २०१९ आणि २०२१ साली यमगर्णीजवळ महामार्गच बंद पडला होता. तेथे गावच्या थैलीची कथा काय सांगावी!

आता मोबदल्याकडे वळू. मे १९१८ नव्हे, तर अगदी अलीकडे, २२ मे २०१८ रोजी या सेवकांनी देशव्यापी संप केला. तो सोळा दिवस चालला. त्यानंतर केंद्राने भत्ता वाढविला. शाखा पोस्टमास्तराला चार तासांच्या कामासाठी दरमहा १२,००० आणि पाच तासांसाठी १४,५०० रुपये मूळ भत्ता ठरला. त्याच्या साहाय्यकाला अनुक्रमे १०,००० आणि १२,००० रुपये. यावर महागाईभत्ता मिळतो, हे खरे. पण कागदावरचे चार तास प्रत्यक्षात चारच राहतात काय, हे ज्याने पावसात वस्तीवरचे टपाल वाटले आहे त्यालाच विचारावे.

मग खाते अधिक का देत नाही? त्याचीही अडचण समजून घेतली पाहिजे. पोस्टकार्डाची किंमत वर्षानुवर्षे पन्नास पैसेच राहिली. ते पोहोचविण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट. थैलीत एक पत्र असो की शंभर, गावापर्यंतची फेरी तेवढीच. पत्रे कमी झाली, तरी खर्च कमी होत नाही. साध्या ग्रामीण भागातील शाखेने आपल्या खर्चाच्या निदान एकतृतीयांश उत्पन्न मिळवावे, असा दंडक आहे. उरलेला भार सरकार सोसते. उत्पन्न घटले की नवी खाती आणि नवे विमे आणण्याचा तगादा त्याच अल्पभत्तेवाल्या सेवकामागे लागतो.

आणि तंगीच्या दिवसांत टपालाची गरज संपत नाही, तिचे रूप पालटते. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या गिरण्या थांबल्या, तेव्हा कोकण-घाटावरच्या किती घरी मनिऑर्डर येईनाशी झाली! गावात त्या दुष्काळाची पहिली खबर पोस्टमनच्या रिकाम्या हातांनीच दिली. आनंदाची पत्रे घटतात, कर्जवसुलीच्या नोटिसा वाढतात. आणि त्या नेऊन देणाराही तोच. २०२० च्या टाळेबंदीत टपाल अत्यावश्यक सेवा ठरले, आणि १ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या टपाल पेमेंट्स बँकेच्या आधाराने अंगठा घेऊन म्हाताऱ्या माणसांना त्यांचे पैसे दारात मोजून दिले ते याच सेवकांनी. कुरिअर कंपन्या जेथे नफा तेथे जातात. टपाल जेथे मनुष्य तेथे जाते.

तेव्हा प्रश्न केवळ एका खात्याच्या तोट्याचा नाही. गावोगाव शाळा चालविण्यात नफा होतो काय, असे आपण विचारीत नाही; कारण तो खर्च समाजाने समाजासाठी केलेला असतो. खेड्यातील टपालही त्याच पंगतीतले आहे. हा खर्च करावयाचाच असेल, तर तो सर्वांनी मिळून उचलावा. सर्वांत कमी मोबदला मिळणाऱ्या माणसाच्या पाठीवर तो टाकणे न्यायाचे नव्हे.

आपल्या हातीही काही थोडे आहे. पत्ता सुवाच्य लिहावा, पिनकोड न विसरता घालावा, घरावर नाव-क्रमांक लावावा. बचतीचे एखादे खाते गावच्याच शाखेत उघडावे; त्या खात्यामुळे शाखेचे उत्पन्न वाढते आणि शाखा टिकते. आणि उन्हातान्हातून दारी आलेल्या त्या माणसाला पाण्याचा पेला पुढे करावा. तेवढ्याने त्याचा भत्ता वाढणार नाही. पण आपल्या कामाची कोणाला तरी जाण आहे, हे त्याला कळेल.